पहिला घास पिकवणाऱ्याचा

११ जानेवारी. पोपटीची तीन मडकी काल सुवर्णाने माझ्या ओट्यावर आणून ठेवली, ती आज घासायला काढली आहेत. मडकी तिच्या सासूची, चांगुणाबायची. दोन वर्षं तिच्या माळ्यावर पालथी पडून होती, त्यामुळे गळ्याशी कोळ्यांची जाळी आणि एकाच्या पोटात पालीची अंडी. मातीच्या मडक्याला साबण लावायचा नसतो, राख आणि काथ्याने घासायचं, उन्हात सुकवायचं आणि मग बोटाने टिचकी मारून ऐकायचं. खणखणीत वाजलं तर मडकं चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा गेलेला. तिन्ही खणखणीत वाजली. खरं सांगायचं तर एखादं बद्द वाजलं असतं तर बरं झालं असतं. 'मडकी फुटली, यंदाही पोपटी नाही,' असं आळीत सांगून मोकळी झाले असते. आता ते कारण उरलं नाही. पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा आळीचा बेत, परवा संध्याकाळी लावायची ठरली आहे. मडकी आहेत, पेंढा आहे, लाकडं आहेत... फक्त वालाच्या शेंगा नाहीत. त्या कुठून आणायच्या हे चांगुणाबाय मला सांगून गेली आहे, आणि नेमकं तेच करायला माझे पाय उचलत नाहीत.

ती गेली त्याची बातमी आली तेव्हाही माझ्या हातात वालच होते. डिसेंबरचा पहिला आठवडा. पेणला आमच्या आळीत दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने आहेत, तिथल्या कारागिरांना मी दुपारचे डबे देते. त्या दिवशी डब्यात वालाचं बिरडं द्यायचं होतं, म्हणून मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलत बसले होते. सुवर्णाचा फोन आला. "मावशी, बाय गेली." मी विचारलं, कधी? म्हणाली, आत्ताच, चहा ठेव म्हणाली होती, चहा घेऊन गेले तर मान कलली होती. मी फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलून संपवले. कोणाला हे विचित्र वाटेल. पण भिजलेले वाल दुपारपर्यंत टिकत नाहीत, आणि ते वाल तिनेच आणून दिलेले होते. ते फुकट गेले असते तर ती उठून बसली असती आणि तिने आधी मला शिव्या घातल्या असत्या. बिरडं फोडणीला टाकून, डबे भरून, शेजारच्या मुलीला कारखान्यांत पोचवायला सांगून मग मी गेले.

चांगुणाबाय धरमतरच्या खाडीकडची. माहेरचे सगळे मिठागरात राबणारे. तिला आळीत लहानथोर सगळे 'बाय' म्हणत आणि आईला म्हणतात तसं 'तू'च म्हणत. ती स्वतः कोणालाच 'तुम्ही' म्हणत नसे, सरकारी साहेबांनासुद्धा. लग्न होऊन पेणला आली आणि एसटी स्टँडच्या बाहेर भाजीची टोपली घेऊन बसू लागली. मी डब्यांसाठी भाजी तिच्याकडून घ्यायचे, तिथून आमची ओळख. ती ओळख गोड वगैरे नव्हती. मी घासाघीस करायचे, ती मला 'चिकट' म्हणायची. मी निवडून घ्यायला लागले की टोपलीवर हात आडवा धरायची. "काय गो मंदा, जावई शोधतेस काय? उचल आनि चल." प्लास्टिकची पिशवी तिने जन्मात कधी दिली नाही. कोणी मागितलीच तर म्हणायची, "पिशवी नाय, पदर हाय ना? पदरात घे." पॅन्ट घातलेल्या एका मुलीला तिने ओढणीत भेंडी बांधून पाठवलेलं मी पाहिलं आहे.

पण तिच्या मनाला एक गोष्ट लागून राहिलेली असायची, ती मला पुढे कळली. आमच्याकडे मीठ आणि मासळी, ती म्हणायची, भाजीतलं मला काय कळतंय? दुसऱ्याने पिकवलेलं मी विकते. त्यावर काय मारलंय ते मला ठाऊक नाय. हे ती हसत म्हणायची, तोवर ठीक होतं. एका श्रावणात मात्र पावसाने गावाकडची भाजी कुजली आणि तिने व्यापाऱ्याच्या टेम्पोतून काकड्या घेतल्या. त्यातली एक तिच्या नातीने टोपलीतूनच उचलून खाल्ली. पोर दिवसभर ओकत राहिली. संध्याकाळी डोळे पांढरे करायला लागली तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात गेलंय. काकडीच होती की आणखी काही, ते कोणी सांगू शकलं नाही, आणि पोर दोन दिवसांत हिंडायलाही लागली. पण दवाखान्यातून घरी येताच बायने काकड्यांची टोपली उचलली. आमच्या आळीच्या टोकाला ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, आम्ही बायकांनीच करून घेतलेला, त्यात गांडुळं सोडलेली. मी म्हटलं, त्यात टाक. तर म्हणाली, "तिथं नको. गांडुळं मरतील." लांब नेऊन, खड्डा खणून तिने त्या काकड्या पुरल्या. माझ्या देखत. जणू काही मेलेलं जनावर पुरत होती.

त्यानंतर ती स्टँडवर बसली नाही. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर बाजार भरू लागला. ओटा माझा, कारण तो रुंद होता आणि मला डब्यांसाठी भाजी दारातच मिळणार होती; मी काही समाजसेवा करत नव्हते. भाजी आणायची ती पिकवणाऱ्यानेच, मधे व्यापारी नको. आणि नियम एकच. ज्याने पिकवलं, त्याने आणलेल्या ढिगातलं बाय उचलून देईल ते एक, न धुता, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर खाऊन दाखवायचं. मगच विक्री. "पैला घास पिकवणाऱ्याचा," असं ती ओरडायची आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची.

सुरुवातीला शेतकरी चिडले. मग त्याची मजा वाटू लागली. गिऱ्हाइकं भाजीपेक्षा ते बघायला लवकर येऊ लागली. कोणी वांगं कचाकचा चावतोय, कोणी दुधीचा तुकडा तोंडात धरून डोळे फिरवतोय. एक म्हातारा मिरच्या घेऊन आला, म्हणाला, बाय, मिरचीला तरी सूट दे. "सूट नाय. अर्धी खा." त्याने अर्धी खाल्ली, नाकातोंडातून पाणी काढलं आणि त्याच्या सगळ्या मिरच्या पहिल्या झटक्यात खपल्या. रोह्याकडून इस्माईलभाई यायचे. मुलगा दुबईला, घरी खायची ददात नाही, पण जमीन पडीक ठेवायची लाज वाटते म्हणून परसात सुरण, भेंडी, अळू लावणारे. पहिल्याच रविवारी त्यांनी सुरणाचा गड्डा पुढे ठेवला. "बाय, हा कच्चा खाल्ला तर माझी जीभ सुजंल. मग बाजारात माझ्या वतीनं तू बोलशील काय?" सगळे हसले. बायने थोडा विचार केला. म्हणाली, "सुरणाला माफ. डोक्यावर हात ठेवून सांग, काय मारलंस?" ते म्हणाले, "राख." तेवढ्यावर सुरण विकला गेला. हे माफीचं प्रकरण लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यावरूनच पेटलं.

निडीहून माझा धाकटा भाऊ वसंत यायचा. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायची आणि उरलेल्या वेळात शेती, असं त्याचं चालतं. भाताच्या मागे वाल लावतो, बाकी मोसमात वांगी, कारली, जे होईल ते. चांगुणाबायचं आणि त्याचं जमायचं. तो कारली आणायचा आणि म्हणायचा, "बाय, आज तू पहिली खा, तुझ्या तोंडाचा कडूपणा जाईल." ती म्हणायची, "पिकवलीस तू आनि तोंड वाकरं करू मी? खा मुकाट्यानं." तो खायचा. तोंड वाकडं न करता खायचा, तिला चिडवायला. जानेवारीत आळीची पोपटी लागायची ती त्याच्याच शेंगांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं शेतात किंवा मोकळ्या जागेत पालथं ठेवायचं आणि भोवतीने आग लावायची. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. सगळं शिजतं ते शेंगांच्या ओलाव्यावर आणि त्या पाल्याच्या वाफेवर. म्हणजे शेंगेवर जे असेल ते मडक्यातच राहतं, धुऊन जात नाही, उडून जात नाही.

भांबुर्डा कोणी लावत नाही. तो बांधावर आपोआप उगवतो, उग्र वासाचा, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. वसंत दरवर्षी शेंगांच्या गोणीबरोबर पाल्याचा भारा आणायचा. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो शेंगांच्या दोन गोणी घेऊन उतरला आणि पाला आणला नव्हता.

दिवस मावळत होता. आळीमागच्या मोकळ्या जागेत पेंढा रचला होता, मडकी ओळीने मांडली होती, पोरं भोवती नाचत होती, पळसाच्या पत्रावळी सुद्धा वाटून झाल्या होत्या. बायने गोणीत हात घातला, मूठभर शेंगा वर काढल्या, उलटसुलट केल्या. मला वाटलं, झालं, आता भरायला घेऊ. तर ती म्हणाली, "पाला कुटं?"

"यंदा नाय मिळाला," वसंत म्हणाला. "इथलाच कुठला तरी घ्या."

"तुज्या बांधावं नाय?"

"नाय."

"गेल्या साली गुडघ्याएवढा व्हता."

ज्यांची शेती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बांधावर गवत मारायचं औषध गेलं की भांबुर्डा पहिला जातो. आणि ज्याने पंप पाठीला लावून बांध मारला, त्याने पीक मोकळं सोडलं असेल काय, हा पुढचा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडावर होता. नाचणारी पोरं सुद्धा थांबली. बायने गोणीतली एक शेंग काढून त्याच्यापुढे धरली.

"पैला घास."

वसंत हसला. खरंच हसला, त्याला ती थट्टाच वाटली. "बाय, कडवे वाल कच्चे कोण खातं? इस्माईलभाईंना सुरण माफ, मग मला वाल का नाय?"

इस्माईलभाई तिथेच होते. पुटपुटले, "बात बरोबर हाय, बाय."

"दाना नको खाऊ. नुसती साल चाव आनि थुंक."

वसंतने शेंग हातात घेतली. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. एका बाजूला आईबापाविना मी वाढवलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला आळीतली पोरं, त्यांत बायची नात, कारखान्यातल्या पोरांचीही पोरं. शेंग त्याच्या बोटांत होती आणि बोटं हलत नव्हती. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "मी शिफ्ट करून शेती करतो. निंदायला माणूस मिळत नाय, मावा पडला की दोन दिवसांत वेल काळी पडते. तुम्ही इथं पेणात ओट्यावर बसून नियम करता. या की एकदा बांधावर, बघा काय असतं ते!" त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू बोल."

मी म्हटलं, "साल चावायला काय जातं?"

त्याने शेंग शर्टाच्या खिशात टाकली. एक गोणी खांद्यावर घेतली, दुसरी ओढत नेली, टेम्पोत टाकली आणि निघून गेला. पेंढा तसाच रचलेला, मडकी तशीच रिकामी. पोरांना आम्ही अंडी उकडून दिली.

आजही मला माझं वाक्य चुकीचं वाटत नाही. पण ते खरं असून उपयोग नव्हता. त्यानंतर वसंत आला नाही. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. मी फोन केला की वहिनी उचलायची आणि 'ड्युटीवर गेलेत' म्हणायची, रविवारीसुद्धा. दुसऱ्याच दिवशी मी बायच्या दारात जाऊन तिला सुनावलं होतं. चारचौघांत का? एका बाजूला बोलावून विचारता आलं नसतं? तिने सुपाने पाखडणं थांबवलं नाही. "चारचौघांत नाय तं कुटं? पोपटी चारचौघांतच खायची व्हती ना?" मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. मग बोलले. डब्यांना भाजी लागते, आणि रविवारचा बाजार माझ्याच ओट्यावर भरत होता. किती दिवस खिडकीतून बघणार? आम्ही वसंतचा विषय टाळून बाकी सगळं बोलायचो. म्हणजे नेहमी कशाच्या तरी कडेकडेने चालल्यासारखं. पुढच्या वर्षी पोपटीचं नाव कोणी काढलं नाही. मडकी तिच्या माळ्यावर होती आणि ती खाली काढ म्हणायची हिंमत आळीत कोणाला नव्हती.

शेवटची भेट नोव्हेंबर सरता सरता. तिचे पाय सुजले होते, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मिठागरातल्या बाईला मीठ बंद, यावर ती दिवसभर डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती. पडवीत भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "यंदा पोपटी लाव."

"लावू," मी म्हटलं. "शेंगा इस्माईलभाईंकडून आणते."

"नाय. तुज्या भाऊसाच्या."

माझं डोकं फिरलं. "बाय, तूच त्याला हाकललंस. आता तूच म्हणतेस?"

"मी नाय हाकलला. तो गेला गोनी घेऊन." तिने मेथीची काडी मोडली. "एक सांग. त्या टायमाला त्यानं साल चावली असती तं काय झालं असतं?"

"काही नाही. पोपटी लागली असती."

"मंग? एक साल चावून कोन मरतंय? चावायची, थुंकायची, हसायचं. दोन्ही गोन्या मडक्यात गेल्या असत्या. का नाय चावली?"

मी तिच्या पुढ्यातली मेथीची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"औषधाला चव नसती गो. मला काय जिभेवं कळतंय? मी भाजी नाय बघत, खानाऱ्याचं तोंड बघतंय. इतकी वर्सं तोंडंच बघितली." तिला धाप लागत होती. "तुजा भाऊस खोटारडा नाय. खोटारडा असता तं चावली असती."

मग त्या दिवशी हे का नाही बोललीस, मी विचारलं. दोन वर्षं का घालवलीस? ती म्हणाली, "त्या दिशी बोलली असती तं तुम्ही म्हनाला असता, चांगला हाय ना, मंग भरा मडकी. मला मडकी नव्हती भरायची." एवढं बोलून तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, 'खड्ड्यात टाक जाताना' म्हणून माझ्या पदरात घातल्या आणि विषय संपवला. मी चहा न घेता निघाले, चिडूनच. काड्या मात्र खड्ड्यात टाकल्या.

ते सगळं माहीत असूनही गेल्या आठवड्यात आळीत पोपटीचा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसले. सुवर्णा म्हणाली, "मार्केटातून आणू की शेंगा, सगळेच आणतात." सगळेच आणतात, हे खरं आहे. हायवेच्या कडेला ढीग लागलेले असतात. त्या कोणी पिकवल्या, कोणाला विचारायचं, कोणाचं तोंड बघायचं? बाय होती तोवर हे काम तिचं होतं. तिला वाईटपणा घ्यायची सवय होती, आम्हाला तिच्या मागे उभं राहायची. रविवारचा बाजार ती गेल्यावरही भरतो, पण गेले काही रविवार पहिल्या घासाचं कोणी नाव काढलेलं नाही. लोक भाजी ठेवतात, माझ्याकडे बघतात, मी पिशव्या झटकत बसते. ओटा माझा आहे, म्हणून ते माझ्याकडे बघतात. आणि मी दुसऱ्यांच्या हातात काकडी देऊन 'खा' म्हणायची, तर आधी माझ्या भावाचं काय ते निस्तरायला हवं. नाहीतर कोणीही विचारील, तुझ्या वसंतचं काय झालं? आणि बरोबरच विचारील. निडीला जाऊन, शेंगांवर औषध मारलंयस का, याचं त्याच्याकडून होय किंवा नाही ऐकायचं, एवढंच काम. होय ऐकलं तर परवाची पोपटी जाईल. त्याने दारातूनच परत पाठवलं तर भाऊ जाईल. मडकी घासून झाली, तिन्ही उन्हात पालथी घातली, आणि मी फोन न करता जायचं ठरवलं. फोनवर तोंड दिसत नाही.

१२ जानेवारी. सकाळी डब्यांचं काम सुवर्णावर टाकून मी रोह्याच्या गाडीने निडीला उतरले. बरोबर दोन कापडी पिशव्या आणि विळा. वसंत रात्रपाळी करून आलेला, कंपनीची पॅन्टही बदललेली नव्हती, बांधावर उभा राहून दात घासत होता. मला पाहून त्याने चूळ भरली, तोंड पुसलं, पण पुढे आला नाही.

"काय ताई."

"शेंगा पाहिजेत. पोपटीला."

"बाजारात मिळतात की."

"मिळतात."

बांध उघडा होता, नुसती करपलेली पिवळी काडी. वाल मात्र जोरात होता, शेंगा भरलेल्या, तजेलदार, एकीलाही कीड नाही. बाय गेल्याचं त्याला माहीत होतं. तो आला नव्हता आणि का आला नाही हे मी विचारणार नव्हते. त्याच्यापुढे शेंग धरून 'चाव' असंही म्हणणार नव्हते. ते एकदा झालं होतं. मी वाकून जवळच्या वेलीची एक शेंग तोडली, नखाने साल सोलली आणि दातांत धरली.

"थुंक!"

त्याने माझ्या हातावर एवढ्या जोरात फटका मारला की बांगडी फुटली. शेंग मातीत पडली. "थुंक म्हणतो ना! परवाच मारलंय." त्याने त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी चूळ भरली, पुन्हा भरली. तो बघत उभा राहिला. लहानपणी मी त्याच्या तोंडातून माती काढायचे तेव्हा अशीच उभी राहत असे. मग तो तांब्यात बघून म्हणाला, "घरचे तिकडे हायत. मागं."

मला हे ठाऊक असायला हवं होतं. घरी खायचं वेगळं आणि विकायचं वेगळं, हे आता गावोगाव आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही एवढंच. घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्यावर वालाच्या चार ओळी होत्या. पानं अर्धी कुरतडलेली, शेंगा वाकड्यातिकड्या, दर तिसरीला भोक. आणि कडेच्या बांधावर भांबुर्डा, कमरेपर्यंत.

"एका मडक्यापुरत्या होतील," वसंत म्हणाला. "तीन भरणार नाहीत."

"एक भरू."

त्याने त्यातली एक शेंग तोडली. मी काही म्हटलं नव्हतं. साल सोलून तोंडात टाकली आणि चावत माझ्याकडे बघत राहिला. कारली खाताना कधी वाकडं न केलेलं तोंड या वेळी त्याने चांगलंच वाकडं केलं.

"कडू हाय."

"थुंक मग," मी म्हटलं, त्याच्या हातात एक पिशवी दिली आणि विळा घेऊन पाला कापायला बसले.